दगडी चर्चमधला शनिवार

विमलक्का, मी तुझ्या घरी पोचले तेव्हा तुला नेऊन झालं होतं. दाराबाहेरची फरशी धुतलेली, ओली होती. व्हरांड्यात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर दगडी चर्चचा रखवालदार सेल्वम टोपी मांडीवर ठेवून बसला होता. एरवी मला बघून हसणारा माणूस, पण त्या दिवशी तो नुसता बघत राहिला.

बेळ्ळंदूरहून कॉक्स टाउनला यायला मला दोन तास लागले. रिंग रोडवर गाडी अडकली होती आणि मी मनातल्या मनात सांगत होते, ट्रॅफिकमुळे उशीर होतोय, मी काय करणार. पण मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुझी बातमी सकाळी साडेसातलाच आली होती. ती वाचून मी मीटिंगला बसले. साडेदहापर्यंत बसले. तुझ्या घरी जायचं म्हणजे तुझ्या माणसांसमोर उभं राहायचं, आणि त्यांतल्या कुणाला काय काय माहीत आहे याची मला खात्री नव्हती. तू गेलीस याचं दुःख मागाहून आलं. आधी आली ती भीती. हे लिहिताना मान खाली जाते, पण आता तुझ्याशी तरी खोटं बोलायचं नाही.

मंडळाच्या गणपतीत आपण भेटलो. तू पंगतीत कोशिंबीर वाढत होतीस. मला विचारलंस, "कुठली गं तू?"

"पुण्याची. इथे सर्जापूर रोडला राहते. चार वर्षं झाली."

"मग बेंगळूरला कधी येणार?" तू म्हणालीस आणि माझ्या पानात आणखी एक डाव घातलास. "ये शनिवारी. दाखवते तुला."

मी गेले ते निव्वळ कुतूहलानं. फ्लॅटमध्ये शनिवारी करायला काही नव्हतं हेही खरं. सकाळी सात वाजता तू कॉक्स टाउन बाजाराच्या मागच्या तुझ्या दारात उभी होतीस. सुती साडी, मरून स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मी "काकू, तुम्ही" असं काहीतरी सुरू केलं, तर मला तिथंच थांबवलंस. "काकू कोण? मी अक्का. आणि अक्काला कुणी अहोजाहो करत नाही. 'तू' म्हण की." मला जड गेलं. आमच्याकडे दुप्पट वयाच्या बाईला असं लगेच अरेतुरे करत नाहीत. पण बेकरीतून दोन गरम खारे बन घेऊन आपण चालायला लागलो आणि बन संपेपर्यंत माझ्या तोंडात 'तू' बसलं होतं.

दोन वर्षं. मी हिशेब केला नाही, पण पाऊस आणि माझी पुण्याची वारी सोडली तर एकही शनिवार चुकला नसेल. फ्रेझर टाउनच्या गल्ल्या, मशिदीच्या मागची जुनी घरं, हलसूरचं देऊळ, रसेल मार्केटमधली फुलं आणि चर्चमागून चर्च. शिवाजीनगरच्या मोठ्या चर्चमध्ये मला काय करावं ते कळेना, चप्पल काढायची की नाही. तू म्हणालीस, "मेरीमातेच्या समोर काढ. आई आहे ती, साडी नेसल्या बघ." खरंच, मूर्तीला जरीकाठी साडी होती. एक बुरख्यातली बाई मेणबत्ती लावत होती, शेजारी गजरा माळलेली एक तमिळ म्हातारी डोळे मिटून पुटपुटत होती, आणि तू निपाणीची मराठी बाई हात जोडून उभी. बाहेर आल्यावर मी विचारलं, "अक्का, तू नक्की कशाला नमस्कार करतेस? देवाला की इमारतीला?"

"पुढच्या वेळी सांगते," म्हणालीस. मी नंतर दोनतीनदा विचारलं आणि तू दोनतीनदा तेच उत्तर दिलंस. ते आता राहिलं.

तुझं सगळ्यात लाडकं मात्र दगडी चर्च. तिथल्याच शाळेच्या ऑफिसात तू एकतीस वर्षं टायपिस्ट होतीस. इथे वारलेल्या इंग्रजांच्या, भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या तू मला मराठीत वाचून दाखवायचीस. "हा बघ, बावीस वर्षांचा पोरगा. ताप आला आणि गेला. आई तिकडं समुद्रापलीकडं, तिला पत्र पोचायलाच किती दिवस लागले असतील." तुझा आवाज खरोखर हलायचा. पण पाट्या झाल्या की तू म्हणायचीस, "ही झाली लिहिलेली नावं. आता न लिहिलेली."

आणि मग तुझं खरं काम सुरू व्हायचं. मला नव्या कोऱ्या कुर्त्यानिशी फरशीवर आडवं पाडून तू बाकाच्या खालच्या बाजूला बघायला लावलंस. तिथे पटाशीनं कोरलेलं एक तमिळ अक्षर होतं. ते करणाऱ्या सुताराचं नाव तू शोधून काढलं होतंस, त्याच्या नातवाकडून. ऑर्गनचा भाता हलवणारा माणूस, घंटा वाजवून वाजवून बहिरा झालेला माणूस, पाद्रीसाहेबांचा स्वयंपाकी. सगळी नावं तुला पाठ. कुठल्या पुस्तकात नव्हती ती. तू शाळेच्या जुन्या रजिस्टरांतून आणि म्हाताऱ्या माणसांच्या दारांवर जाऊन जाऊन जमवलेली.

उत्तरेकडच्या भिंतीतल्या रंगीत खिडकीत निळा झगा घातलेली एक बाई आहे आणि त्या झग्याच्या काठाला एकच काच हिरवट आहे. तिची गोष्ट तू सांगितलीस तेव्हा आपण दोघी पहिल्या बाकावर बसलो होतो. एका वर्षी गारा पडल्या आणि तिथली मूळची निळी काच फुटली. टॅनरी रोडवरचे काचवाले रहमतसाब तीन दिवस शिडीवर होते. तसला निळा रंग काही त्यांना मिळेना. शेवटी एका पाडलेल्या दवाखान्याच्या खिडकीतली काच कापून त्यांनी बसवली आणि पाद्रीसाहेबांना म्हणाले, ही तात्पुरती आहे, खरी निळी मिळाली की बदलतो. मग ते आयुष्यभर ती निळी शोधत राहिले. दरवर्षी नाताळच्या आधी शिडी घेऊन यायचे, स्वतःच्या हातानं ती काच पुसायचे आणि माफी मागितल्यासारखं म्हणायचे, अजून नाही मिळाली.

"बस, एवढंच?" मी विचारलं होतं.

"एवढंच म्हणजे? माणसानं एका काचेपायी आयुष्य घातलं, आणि तू म्हणत्यास एवढंच?"

त्यावरून आपला वाद झाला आणि तो कधीच मिटला नाही. माझं म्हणणं, लोकांना ऐकावंसं वाटलं पाहिजे. थोडं रंगवून सांगितलं तर काय बिघडतं? तू म्हणायचीस, "रंगवायला ती काय चिक्की आहे, अजून स्वल्प गूळ घाल म्हणायला? तू गोष्ट रंगवलीस की त्यातला माणूस निघून जातो, केतकी." मी हसायचे. तू चिडायचीस. मग कॉफी प्यायचो. स्टीलच्या वाटीत पेला उपडा करून तू ती निववून द्यायचीस, कारण मला गरम सोसत नाही हे तुला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

गेल्या डिसेंबरात आमच्या ऑफिसात परदेशातली माणसं यायची होती. आमची मॅनेजर म्हणाली, शनिवारी त्यांना काहीतरी वेगळं दाखवायला हवं, बेंगळुरूचं जुनं काहीतरी. मी हात वर केला. म्हणाले, मी कँटोन्मेंटच्या जुन्या भागाचा वॉक घेऊ शकते. सगळे वळून बघायला लागले. मॅनेजरनं विचारलं, तुला हे सगळं कुठून माहीत?

अक्का, तुझं नाव तेव्हा अगदी ओठांवर होतं. शपथेवर सांगते. ते मी गिळलं. म्हणाले, "दोन वर्षं रिसर्च करतेय मी यावर."

का गिळलं, ते त्यानंतर रोज स्वतःला विचारते. तुझं नाव घेतलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, मग त्यांनाच बोलवू या. आणि तू आली असतीस. मरून स्वेटर, कापडी पिशवी, ते कॅनव्हासचे बूट, तुझं निपाणीच्या वळणाचं इंग्रजी, आणि दर दहा पावलांवर थांबून कुणाला तरी कानडीत "चन्नागिदिया?", बरं आहे ना, असं विचारण्याची सवय. त्या माणसांसमोर तू माझी दिसली असतीस. मला ते नको होतं. मला एकटीला दिसायचं होतं. एवढं साधं आणि एवढं घाण होतं ते.

शुक्रवारी तुला फोन केला. "अक्का, उद्या ऑफिस आहे गं. नाही जमणार."

"शनिवारी पण? काय तरी माणसं तुमची. सरी, सरी. माझेपण गुडघे दुखाय लागलेत, झोपते मी उद्या."

मला हायसं वाटलं. म्हणजे तू चर्चकडे येणार नाहीस.

बत्तीस माणसं होती. मी चांगलं बोलत होते. तुझी वाक्यं इंग्रजीत कशी करायची ते रात्री बसून पाठ केलं होतं. पाट्या झाल्या, बावीस वर्षांचा पोरगा झाला, पत्र पोचायला किती दिवस लागले असतील हे तुझं वाक्य मी तुझ्याच ठिकाणी थांबून म्हटलं, आणि लोक गप्प झाले. मग मी खिडकीकडे आले. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे लागलेले. त्या क्षणी रहमतसाब मला लहान वाटले. तात्पुरती काच, दवाखान्याची खिडकी. बत्तीस माणसांच्या चेहऱ्यांना ते पुरेल असं वाटेना. आणि माझ्या तोंडून निघालं की एका इंग्रज कॅप्टनची लहान मुलगी इथे वारली, तिचे डोळे हिरवे होते, म्हणून तिच्या आईनं या चित्रात ही एक हिरवी काच बसवून घेतली.

"ओह," असा आवाज झाला. एका बाईनं छातीवर हात ठेवला. कुणीतरी फोटो काढला.

आणि मागून तुझा आवाज आला. "अगं केतकी, तसं नव्हे ते. रहमतसाबची काच ती. विसरलीस होय?"

तू दारात होतीस. नंतर कळलं, चर्चच्या आवारात राहणाऱ्या सेल्वमच्या बायकोला बरं नव्हतं म्हणून तिला रसम द्यायला आली होतीस, गुडघे दुखत असताना. तुझ्या हातात डबा होता. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या मुलीला शाळेच्या स्टेजवर बघितल्यावर आईचा होतो तसा चेहरा होता तुझा, आणि मुलगी कविता विसरली म्हणून मागून सांगावी तशी तू मला सांगत होतीस.

बत्तीस माणसं मागे वळली. मी इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, प्लीज. प्रश्न आपण शेवटी घेऊ या."

तू बाकांमधून चार पावलं पुढे आलीस आणि मराठीतच पुन्हा म्हणालीस, "प्रश्न नव्हे गं..."

पाहुण्यांपैकी एकानं मला हळूच विचारलं, तुमच्या ओळखीच्या आहेत का?

"नाही," मी म्हणाले. "इथल्याच कुणीतरी असाव्यात."

एकतीस वर्षं इंग्रजी पत्रं टाइप केलेली बाई तू. एक शब्द सुटला नसणार. तुझा चेहरा बदलला तो मी पाहिला. आधी तुला वाटलं की ऐकण्यात चूक झाली, मग कळलं की नाही झाली. तू "सॉरी, सॉरी" म्हणालीस, इंग्रजीत, त्या पाहुण्याला, आणि वळलीस. जाताना मागच्या बाकांच्या पाठींना एकेक हात लावत गेलीस, तोल सांभाळायला. मी पुढे बोलत राहिले. शेवटी टाळ्या वाजल्या. मॅनेजर म्हणाली, केतकी, तू तर छुपी रुस्तम निघालीस.

रविवारी तुझा फोन आला. मी उचलला नाही. सोमवारी आला, तोही नाही. बुधवारी मेसेज आला, तुझ्या पद्धतीनं पूर्णविरामासकट. "शनिवारी येणार का. बन आणून ठेवते." मी लिहिलं, "ऑफिसात रिलीजचं काम आहे अक्का, दोन आठवडे शक्य नाही." पुढच्या वेळीही रिलीज होता. त्यानंतर तू विचारलं नाहीस.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आले. येताना गाडीत सगळं घोकून आले होते, कुठून सुरुवात करायची, काय म्हणायचं. दार तूच उघडलंस.

"या," म्हणालीस. "बसा की."

ते ऐकल्यावर माझे पाय उंबऱ्यातच अडखळले. तुझ्या भावाची मुलगी ज्योती, तुझ्याकडेच राहून लॅबमध्ये नोकरी करणारी, आत भांडी लावत होती. तू कॉफी आणलीस. निववलीसही. "घ्या," म्हणालीस. मी तिळगूळ दिला. तू गोड बोला म्हणालीस. पाच मिनिटं आपण हवेबद्दल बोललो. मग मी कसंबसं म्हटलं, "अक्का, त्या दिवशी चर्चमध्ये..."

तू पटकन मध्ये बोललीस. "त्या दिवशी दारातून ऊन किती येत होतं नाही? डोळ्यांवर ऊन आलं की समोरचं माणूस ओळखू येत नाही बघा."

तू मला वाट काढून देत होतीस. मी किती खाली गेलेय ते मला म्हणावं लागू नये म्हणून तू स्वतःच एक खोटं तयार करून माझ्यापुढे ठेवलंस. न रंगवता सांगायचं म्हणून माझ्याशी दोन वर्षं भांडलेली तू. आणि मी काय केलं? मी ते घेतलं. म्हणाले, "हो ना गं अक्का, ऊन फार होतं. मला दिसलंच नाही कोण आहे ते."

तू मान हलवलीस. "तेच की," म्हणालीस आणि पेला उचलून आत गेलीस.

ऊन नव्हतं, अक्का. त्या दिवशी सकाळी ढग होते, चर्चमध्ये दिवे लावावे लागले होते. मी तुला पहिल्या शब्दाला ओळखलं. तू दिसायच्याही आधी ओळखलं. चर्चमध्ये मी घाबरून खोटं बोलले असं तरी म्हणता येईल. तुझ्या घरी, तुझ्या खुर्चीत बसून, तुझी कॉफी पिऊन जे बोलले, त्याला काय म्हणायचं? मला त्या चर्चमधल्या 'नाही'पेक्षा या 'हो'ची जास्त लाज वाटते.

त्यानंतर आपली भेट नाही. मार्चच्या एका सकाळी तू झोपेतून उठलीच नाहीस.

तर त्या दिवशी मी व्हरांड्यात उभी होते आणि सेल्वम खुर्चीत. मला वाटलं, हा विचारेल, इतके दिवस कुठे होतीस. त्याऐवजी तो कानडीत म्हणाला, "अक्का सगळ्यांना सांगायची. शाळेत, बेकरीत, फुलवाल्यांना. माझी पुण्याची मुलगी मोठ्या कंपनीच्या लोकांना आपलं चर्च दाखवते. माझ्यापेक्षा चांगलं सांगते म्हणायची. तिला इंग्रजी येतं, आवाज आहे."

मी माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत म्हणाले, "सेल्वम, त्या दिवशी मी अक्काला..."

"गोत्तु," तो म्हणाला. माहीत आहे. "मी तिथंच होतो. दिवे मीच लावले होते."

एवढं बोलून त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही. मला बसवेना.

आत ज्योती ओट्यापाशी उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. ऑफिस, कॅप्टनची मुलगी, ओळखीच्या आहेत का, नाही. सगळं. शेवटी मी म्हणाले, "ज्योती, मला माफ कर."

"मी कशी करू?" ती म्हणाली. "माझं काय केलंस तू?" मग माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी मी नाइट करून झोपले होते. आवाज झाला म्हणून उठले. आत्या बूट न काढताच आत येऊन बसली होती. डबा तसाच हातात. द्यायचाच विसरली होती. मी विचारलं काय झालं. म्हणाली, काही नाही गं. आज म्हातारी झाले मी."

अक्का, तू चौऱ्याहत्तर वर्षांची होतीस आणि त्याआधी मी तुला कधी म्हातारी म्हणून पाहिलं नव्हतं. तूही पाहिलं नव्हतंस वाटतं.

त्या आठवड्यात मी ऑफिसातल्या सगळ्यांना आणि त्या पाहुण्यांना मेल लिहिला. खिडकीची मी सांगितलेली गोष्ट खोटी आहे, खरी अशी आहे, काच बसवणाऱ्याचं नाव हे आहे, आणि त्या दिवशी दारातून बोलणाऱ्या बाईंनी मला सगळं शिकवलं, त्यांना मी ओळखत होते. चार वेळा वाचून पाठवला. तिघांची उत्तरं आली. एकानं हृदयाचं चित्र पाठवलं. पाहुण्यांपैकी ज्यानं मला विचारलं होतं, त्यानं एकच ओळ लिहिली, मला तेव्हाच वाटलं होतं. मॅनेजरनं लिहिलं, किती सुंदर आठवण, पुढच्या पाहुण्यांना ही गोष्टसुद्धा सांग.

मी ती सांगणार नाही. निदान तिला हवी तशी नाही.

परवा ज्योती तुझ्या अस्थी घेऊन निपाणीला निघाली. मी म्हणाले, यशवंतपूरला मी सोडते. ती नको म्हणेल असं वाटलं होतं, पण ती येऊन गाडीत बसली. कलश लाल कापडात बांधून मांडीवर घेतलेला. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा एसीचं बटण फिरवलं.

बेळगावची दुपारची गाडी लागायची होती. प्लॅटफॉर्मवर पोत्यांचे ढीग, कांद्याचा वास, एका बाकावर आम्ही दोघी आणि मध्ये तू. ज्योती अचानक म्हणाली, "मला तुझा फार राग होता. अजून आहे."

"असू दे," मी म्हणाले.

"तू यायची बंद झालीस तेव्हा मी आत्याला म्हणायची, त्या बयेला फोन लाव आणि चांगल्या चार शिव्या घाल. तुला जमत नसेल तर मी घालते. तर म्हणायची, घालीन की. येऊ तर दे तिला."

मी म्हणाले, "मी संक्रांतीला आले होते ना."

"मीपण तेच म्हटलं. तू गेल्यावर. आली होती की दारात, तेव्हा का नाही झापलंस? त्यावर काय म्हणाली सांगू?" ज्योतीनं कापडाची गाठ उगीचच घट्ट केली. "म्हणाली, ती कुठं आली होती गं? नुसता तिळगूळ आला होता. ती यायची आहे अजून. येईल. स्वल्प उशीर लागंल."

गाडी आली. मी बॅग चढवून दिली. ज्योती खिडकीशी बसली, कलश मांडीवर. गाडी हलायच्या आधी तिनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि कलश माझ्या बाजूला थोडा वळवला. मी खिडकीबरोबर चालत गेले, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत, आणि चालता चालता लोकांसमोर मोठ्यानं म्हणाले, "आले गं अक्का. घाल शिव्या."